‘दिसून येते’ ५८ वेळा: प्रबंध लिहायला मी कशी शिकले

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणाचा कच्चा खर्डा ४१ पानांचा होता. माझ्या मार्गदर्शक सरांनी तो आठवड्याने परत दिला तेव्हा त्यावर लाल शाईच्या खुणा एकाच प्रकारच्या होत्या. जिथे जिथे ‘दिसून येते’ आलं होतं, तिथे गोल. परतीच्या एसटीत मी ते मोजले. ५८ भरले. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘कुणाला दिसून येते?’

राग आला. तेव्हा तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागून मला ११ वर्षं झाली होती. आपल्याला लिहिता येतं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मला येत होतं ते परीक्षेचं उत्तर: मुद्दा, उपमुद्दा, समारोप. परीक्षेत तपासणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, तुम्हालाही ते माहीत आहे एवढंच दाखवायचं असतं. प्रबंधात उत्तर त्याला ठाऊक नसतं, आणि तुम्ही सांगितलं म्हणून तो ते मान्यही करणार नसतो. एवढं उमजायला माझं दीड वर्ष गेलं. आता माझ्याकडे चौघं पीएचडी करतात. त्यांना पहिल्या भेटीत जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. माझा विषय बहात्तरच्या दुष्काळाचा, म्हणून उदाहरणंही तिथलीच. तुमचा विषय बोंडअळीचा असेल नाहीतर जात्यावरच्या ओव्यांचा, खाचखळगे तेच असतात.

शीर्षक मंजूर झालं म्हणजे प्रश्न सापडला असं नाही

माझं शीर्षक होतं ‘१९७२ च्या दुष्काळाचा समाजजीवनावरील परिणाम: एक चिकित्सक अभ्यास (विशेष संदर्भ सांगोला तालुका)’. आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांना ‘एक चिकित्सक अभ्यास’ ही शेपटी असते. चिकित्सा नसलेला अभ्यास विद्यापीठाने कधी मंजूर केला असता का, हे कुणी विचारत नाही. विद्यापीठाच्या आरआरसीतून, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीतून, विषय पास झाला, स्टाफरूममध्ये पेढे वाटले, आणि पुढचे सहा महिने काय लिहायचं ते कळेना. परिणाम झाला नाही असं काय होतं? विहिरींवर झाला, जनावरांवर झाला, लग्नांवर झाला, मुंबईला जाणाऱ्या गाडीच्या गर्दीवरही झाला.

सरांनी काम दिलं: प्रश्नचिन्हाने संपणारं एकच वाक्य लिहून आण, शेजारच्या काकूंना वाचून दाखवलं तर त्यांनाही उत्तर ऐकावंसं वाटेल असं. तीन आठवड्यांत १६ वाक्यं खोडली. सतरावं उरलं: ‘दुष्काळी कामावर गेलेल्या माणसांना ते काम सरकारची मेहरबानी वाटलं की आपला हक्क, आणि मेहरबानीचा हक्क झाला कधी?’

काय वाचायचं नाही, हे या वाक्याने ठरवलं. पर्जन्यमानाचे तक्ते मी जवळपास सगळे बाजूला ठेवले. सावकारीवरचं एक अख्खं प्रकरण आराखड्यातून गेलं. वाईट वाटलं, पण गेलं. तुमच्या वाक्याची परीक्षा सोपी आहे. उत्तर ‘हो’ येऊ शकतं आणि ‘नाही’ही येऊ शकतं, असा तो प्रश्न आहे का? गावात पाऊल टाकण्याआधीच उत्तर ठाऊक असेल तर तो प्रश्न नाही, ती घोषणा आहे. वाक्य पुढे बदलतं, माझंही दोनदा बदललं. कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवा आणि बदलताना जुना कागद काढू नका, नवा त्याच्यावर लावा.

टिपण काढतानाच प्रबंध लिहिला जातो, किंवा बिघडतो

पुण्यातल्या एका ग्रंथालयात मी दुष्काळी कामांवरचा जुना सरकारी अहवाल वाचला आणि वहीत चांगलं अर्धं पान उतरवून घेतलं. पुढे अडीच वर्षांनी तिसरं प्रकरण पक्कं करताना त्या अर्ध्या पानातलं एक वाक्य मला फार आवडलं. इतकं नेमकं मी तोवर काहीच लिहिलं नव्हतं. वहीत पान क्रमांक नव्हता, अवतरणचिन्हंही नव्हती. मनात पाल चुकचुकली. एका वाक्यासाठी पहाटेच्या एसटीने पुणं गाठलं, अहवाल पुन्हा काढायला लावला, आणि ते वाक्य सापडलं. शब्दन् शब्द अहवालाचं होतं.

मी चोर नव्हते, पण प्रबंध तसाच जमा झाला असता तर तो फरक कुणाला सांगत बसले असते? तेव्हापासून माझ्या टिपणाच्या पानावर उभी रेघ असते. डावीकडे त्यांचे शब्द, अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह. उजवीकडे माझे शब्द: हे मला का हवं आहे, कुठल्या प्रकरणात लागेल, पटलं का. उजवी बाजू रिकामी राहिली तर ते टिपण नाही, ती नक्कल आहे. अशी नक्कल मोबाइलवर फोटो काढूनही होते. माझ्या एका विद्यार्थ्याच्या फोनमध्ये हजारावर पानांचे फोटो आहेत, त्यातलं एकही त्याने वाचलेलं नाही. त्याला मी दम दिला आहे: उजवीकडची दोन वाक्यं लिहिल्याशिवाय दुसरा फोटो काढायचा नाही.

संदर्भांच्या नोंदी ठेवायला झोटेरो हे सॉफ्टवेअर वापरा. फुकट आहे, एका दुपारी शिकता येतं. मी ते शेवटच्या वर्षी शिकले आणि आधीच्या ३०० नोंदी हाताने भरल्या. ती दिवाळी त्यातच गेली.

उचलेगिरीचे नियम एकदा तरी मुळातून वाचा, सीनियरकडून ऐकू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) २०१८ च्या विनियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये वर्षभर प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या पुढे नोंदणीच रद्द. संदर्भ देऊन अवतरणात घेतलेला मजकूर यात धरत नाहीत. पण ‘दहा टक्के चालतं’ असं म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो. दहा टक्के म्हणजे २०० पानांत २० पानं. शब्द फिरवून साम्य खाली आणणं हे तर त्याहून वाईट. ‘दुष्काळ’च्या जागी ‘अवर्षण’ टाकलं म्हणून विचार तुमचा होत नाही. हल्ली एआयकडून संदर्भ मागवायची टूम निघाली आहे. अशा यादीतला एक लेख मी शोधायला गेले, तो कुणी लिहिलेलाच नव्हता.

एक परिच्छेद, जवळून

लिहायला शिकायचं म्हणजे प्रकरण लिहायला शिकायचं नसतं. परिच्छेद जमला की प्रकरण आपोआप सरळ येतं. माझ्या त्या ४१ पानांतला हा एक परिच्छेद, लाज सोडून जसाच्या तसा देते:

‘१९७२ चा दुष्काळ अत्यंत भीषण होता. या दुष्काळाचा समाजातील सर्वच घटकांवर दूरगामी परिणाम झाल्याचे दिसून येते. शासनाने यावर विविध उपाययोजना राबविल्या. त्यातूनच रोजगार हमी योजनेचा उगम झाल्याचे दिसून येते. या योजनेमुळे ग्रामीण जनतेस मोठा दिलासा मिळाल्याचे निदर्शनास येते.’

यातलं कुठलंही वाक्य खोडून काढता येत नाही, कारण त्यात काही म्हटलेलंच नाही. ‘सर्वच’, ‘विविध’, ‘दूरगामी’, ‘मोठा’ ही चार पोती काढून बघा, खाली दाणा सापडणार नाही. आणि चौथ्या वाक्यात मी ‘त्यातूनच’ म्हणून जे ठोकून दिलं होतं, तोच खरा वादाचा मुद्दा होता. तारखा समोर मांडल्या तेव्हा ते कळलं. सातव्या खेपेला तोच परिच्छेद असा झाला:

‘रोजगार हमीचा कायदा हा दुष्काळावरचा तातडीचा उपाय होता, हे स्पष्टीकरण तारखांशी जुळत नाही. दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या घरात गेली आणि त्या वर्षीच्या पावसानंतर ओसरली. योजनेसाठी पैसा उभा करणारा व्यवसाय कर मात्र १९७५ चा, कायदा १९७७ चा आणि त्याचा अंमल २६ जानेवारी १९७९ पासूनचा आहे. म्हणजे काम मागण्याचा हक्क कायद्यात आला तो संकट टळल्यावर. दुष्काळ हे या कायद्याचे निमित्त म्हणता येईल. कारण मात्र अन्यत्र, बहुधा दुष्काळी कामांवरील मजुरांच्या मोर्चांत आणि संघटनांत, शोधावे लागेल.’

पहिल्या वाक्यात मी कुणाशी भांडते आहे ते कळतं. दुसऱ्या-तिसऱ्यात पुरावा, तोही तपासून पाहता येईल असा. चौथ्यात त्या पुराव्याचा अर्थ, कारण तारखा स्वतः बोलत नाहीत. पाचव्या-सहाव्यात मी कुठपर्यंत जाते आणि कुठे थांबते. सहाव्यातला ‘बहुधा’ बघा. त्या घडीला माझ्याकडे मोर्चांचा पुरावा अर्धाच होता, म्हणून तो शब्द तिथे बसला. खात्री जिथे कमी आहे तिथे तसं स्पष्ट म्हणावं, आणि एकदाच म्हणावं. ५८ वेळा ‘दिसून येते’ लिहिणाऱ्याला खरी शंका कुठे आहे, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

प्रत्येक परिच्छेद असाच सहा वाक्यांचा हवा असं नाही. पण आठवड्याला एक जुना परिच्छेद घ्या आणि त्यातली पोती मोजा. त्या महिन्यात नवं काही लिहून झालं नाही तरी चालेल.

पूर्वसाहित्याचा आढावा मी थोडक्यात उरकते, कारण त्यात चूक एकच होते. ‘अमुक यांनी अमुक साली असे म्हटले आहे’ या वाक्यांची रेल्वे लागते, डब्याला डबा. डबे काढा आणि कोण काय विचारत होतं ते बघा. शेतीचे अर्थतज्ज्ञ लादेजिन्स्की यांनी १९७३ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त लिहिलं ते दुष्काळ डोळ्यांसमोर असताना, संकट केवढं आहे ते सांगायला. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे विचारलं की एवढं पीक बुडूनही मोठा भूकबळी का पडला नाही, आणि उत्तर दिलं दुष्काळी कामांच्या मजुरीकडे बोट दाखवून. कामावरची बाई स्वतः त्या कामाला काय म्हणत होती, हा माझा प्रश्न या दोघांच्या मधल्या फटीत बसला. फट सापडली की आढावा संपला. मग वाचलेल्या सगळ्या पुस्तकांची हजेरी लावायचं कारण उरत नाही, कितीही मेहनतीने वाचलेली असोत.

‘सरकारनं कुठं जगवलं?’

मुलाखती मी माण, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात घेतल्या. एका आजींना विचारलं, दुष्काळात सरकारने जगवलं असं सगळे म्हणतात, तुम्हाला काय वाटतं? त्या सुपातले खडे निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘सरकारनं कुठं जगवलं? खडी आमी फोडली न्हवं का, बाई?’

खर्ड्यात मी लिहिलं: ‘उत्तरदात्या क्र. १२ यांच्या मते, शासनापेक्षा स्वतःच्या श्रमांमुळे त्या जगल्या.’ सरांनी समासात विचारलं, ‘आजी कुठे गेल्या?’ मग मी त्यांचं वाक्य परत आणलं, पण ‘आमी’चं ‘आम्ही’ करून आणि ‘न्हवं का’ कापून. तेही परत आलं. तिसऱ्या खेपेला आजी जशा बोलल्या तशा आल्या, आणि तेव्हा मला दिसलं की सगळा मुद्दा त्या ‘न्हवं का’मध्ये होता. आजी माहिती देत नव्हत्या, माझ्या प्रश्नाला हरकत घेत होत्या. ते वाक्य पुढे चौथ्या प्रकरणाच्या तोंडाशी गेलं.

म्हणून बोलीतलं अवतरण ‘शुद्ध’ करू नका. अवघड शब्दाला तळटीप द्या: सुकडी म्हणजे काय, मिलो म्हणजे कुठून आलेली लाल ज्वारी. प्रबंध इंग्रजीत असेल तर भाषांतराखाली मूळ वाक्य देवनागरीत द्या. दुसरी गोष्ट, अवतरण देऊन पुढे पळू नका. खाली तुमची दोन-तीन वाक्यं हवीत: या बाई काय करताहेत, कुणाला उत्तर देताहेत. अवतरणांची चळत लावून ‘यावरून स्पष्ट होते की’ म्हणणं म्हणजे आपलं काम वाचणाऱ्याच्या गळ्यात मारणं.

शब्द ठरवा, आणि मग पाळा

मराठीत प्रबंध लिहिणाऱ्याची ही जादाची डोकेदुखी. हायपोथिसिसला कुणी गृहीतक म्हणतं, कुणी गृहीतकृत्य, कुणी अभ्युपगम, कुणी परिकल्पना. माझ्या एका प्रकरणात यातले तीन शब्द होते आणि तिन्हींचा अर्थ एकच होता. बाहेरच्या परीक्षकाला वाटलं असतं की बाई तीन वेगळ्या गोष्टी सांगताहेत. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघा, एक शब्द घ्या, वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, आणि कंटाळा आला तरी तोच वापरा. पुनरुक्ती टाळा हे आपल्याला शाळेत निबंधासाठी शिकवलं. पारिभाषिक शब्दाला तो नियम लागू नाही.

कधी शब्दाची निवड हाच युक्तिवाद असतो. महाराष्ट्राने १९६३ साली कायदा करून राज्याच्या कायद्यांतला ‘फॅमिन’ हा शब्दच काढून टाकला आणि ‘स्केअर्सिटी’ आणला. म्हणजे बहात्तर साली लोक ज्याला दुष्काळ म्हणत होते, त्याला कायद्याच्या लेखी टंचाई म्हणायचं होतं. मी सहा महिने हे दोन्ही शब्द चव बदलायला आलटून पालटून वापरत होते! कळल्यावर सगळा खर्डा चाळला: कागदपत्रांविषयी बोलताना ‘टंचाई’, माणसांविषयी बोलताना ‘दुष्काळ’. चार दिवस लागले आणि प्रकरणात एक नवा मुद्दा फुकटात आला.

शुद्धलेखनाचे मराठी साहित्य महामंडळाचे नियम १८ आहेत. चौदा १९६२ चे, आणि चार नंतरचे, योगायोगाने माझ्या दुष्काळाच्याच वर्षी आलेले. एका रविवारी वाचून होतात. आणि पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, स्वतःच टाइप करा. मी पहिली दोन प्रकरणं टायपिंगच्या दुकानात जुन्या फॉन्टमध्ये करून घेतली होती. ती युनिकोडमध्ये उतरवली तेव्हा रफार एका अक्षरावरून दुसऱ्यावर गेले, ‘र्‍या’ फुटले आणि तळटीपांचे आकडे गायब झाले. दुरुस्तीला उन्हाळ्याची सुट्टी गेली. स्वतः टाइप करण्याचा आणखी एक फायदा: वाक्य लांबलं की बोटं दुखतात.

वेळ आणि कात्री

यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं असतात, वर पुनर्नोंदणीने वाढ मिळू शकते. सहा वर्षं ऐकायला पुष्कळ वाटतात. मी ‘आधी सगळं वाचून होऊ दे, मग लिहायला बसू’ म्हणत पहिली दोन घालवली. तुम्ही पहिल्याच महिन्यात सुरू करा. माझी वेळ पहाटे पाच ते साडेसहा, डबे आणि पाण्याच्या आधी. रोज ३०० शब्द, वाईट असले तरी. थांबताना वाक्य अर्धवट सोडायचं, म्हणजे सकाळी कुठून सुरुवात करायची याचा विचार करावा लागत नाही. परीक्षा, पेपर तपासणी, कॉलेजचं मूल्यांकन करणारी नॅकची कमिटी आली की हे मोडतं. मोडलं तर आठवडाभराने पुन्हा बसायचं, मागची थकबाकी काढायची नाही.

प्रकरण पूर्ण झालं की पंधरा दिवस बघू नका. मग छापून घ्या आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात पाच-सहा शब्दांत लिहा, हा काय म्हणतो. लिहिता आलं नाही तर तो काही म्हणत नाही. दोन परिच्छेदांसमोर तेच शब्द आले तर एक जाईल. मग नुसता समास वरून खाली वाचा, क्रम चुकलेला लगेच कळतो. माझ्या दुसऱ्या प्रकरणाची ६८ पानं अशी ४४ झाली. कापलेलं फेकू नका, ‘भंगार’ नावाच्या फाइलमध्ये ठेवा. त्या भंगारातून पुढे माझे दोन लेख निघाले.

नंतर मोठ्याने वाचा. मी जाऊबाईंना वाचून दाखवायचे. त्या दहावी शिकलेल्या, शेंगा फोडत ऐकायच्या आणि मध्येच म्हणायच्या, ‘थांब, कोण म्हणालं हे?’ कर्ता हरवलेलं प्रत्येक वाक्य त्यांनी पकडलं. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, आपल्या विषयाजवळचे तीन-चार प्रबंध उतरवून बघायलाही हरकत नाही, मात्र बांधणी बघायला, भाषा उचलायला नव्हे. तिथले बरेच प्रबंध ‘दिसून येते’ने ओतप्रोत आहेत, आणि ते सगळे पास झालेले आहेत. त्याने हुरळून जाऊ नका.

मार्गदर्शकांकडे जाताना अख्खं प्रकरण नेऊ नका. दहा पानं न्या, वर एक चिठ्ठी: ‘सर, पान चारवरचा मुद्दा पटतो का?’ नेमकं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं. ‘कसं झालंय बघा’ म्हटलं की ‘छान आहे, पुढे चला’ एवढंच ऐकायला मिळतं. आणि तो महिना गेलाच म्हणून समजा.

शेवटच्या आठवड्यात नवीन वाक्य लिहायचं नाही. तळटीपेतला प्रत्येक संदर्भ सूचीत आहे का आणि सूचीतला प्रत्येक मजकुरात आलाय का, एवढंच, कागदावर, पेन्सिलीने खूण करत. आणि बाइंडिंगवाल्याकडे स्वतः जा. मी भाच्याला पाठवलं होतं. काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरांत, पाचही प्रतींच्या कण्यावर, ‘दुष्काळ’चा ‘दुष्काल’ होऊन आला. एक प्रत अजून माझ्या टेबलावर आहे. नवीन मुलं आली की ती आधी तोच कणा वाचतात.